गळती शोधायची रीत

आमच्या दुकानात सिगारेट हे व्यसन नव्हतं, हत्यार होतं. निदान ह्यांचं म्हणणं तसं. बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचा आमचा धंदा, सासऱ्यांपासून चालत आलेला. सॅक्सोफोनच्या भोकांवर चामड्याच्या बारीक गाद्या बसतात. एक जरी झिजली की हवा गळते आणि सूर बिघडतो. गळती शोधायची सासऱ्यांची रीत अशी: वाद्याच्या कर्ण्यात फडक्याचा बोळा कोंबायचा, सगळ्या गाद्या दाबून धरायच्या आणि झुरका घेऊन धूर आत फुंकायचा. जिथून धूर डोकावेल ती गादी खराब. ह्यांचे दोन्ही हात आणि तोंड अडकलेलं, म्हणून बघायचं काम माझं. मी वाद्याला नाक लावून बसायची. सव्वीस वर्षं बसले.

"सोडा की आता," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मग काय, दुकानाला टाळं लावू?" दिवसाला वाद्यं दोन, सिगारेटी वीस. बाकीच्या अठरा कुठल्या सॅक्सोफोनसाठी, हे विचारायची सोय नव्हती.

तीन वर्षांपूर्वी लेकीने तारेवरचा छोटा दिवा पाठवला. नळीत सोडायचा, खोलीत अंधार करायचा, फट असेल तिथून उजेड दिसतो. "बाबा, धुराची गरजच नाही," ती फोनवर म्हणाली. ह्यांनी डबा न उघडताच फळीवर टाकला. म्हणे पोरखेळ.

जिना चढवेना तेव्हा मी ते वयावर ढकललं. मग कपडे वाळत घालतानाही धाप लागायला लागली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न, "किती वर्षं ओढताय?"

"आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही," मी फणकारले.

त्यांनी माझ्या नाकाला चिमटा लावला आणि यंत्राच्या नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. पडद्यावरची रेघ जेमतेम उचलली आणि आडवी झाली.

हे खुर्चीतून उठले. नळीचा सांधा बोटाने चाचपत म्हणाले, "बाई, ही नळी गळतेय. बदलून बघा."

त्यांनी बिचाऱ्यांनी बदलली. रेघ तेवढीच.

"नळी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "घरात कोण ओढतं?"

ह्यांचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

"यांची फुफ्फुसं जेवढी गेली तेवढी गेली, ती भरून येणार नाहीत. उरलंय ते टिकवायचं असेल तर यांच्या आसपास धूर नको. आजपासून. आणि तुम्हीही तपासून घ्या."

घरी आल्यावर ह्यांनी पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं. मी कौतुक केलं नाही. इतका राग आला होता की रडूही फुटेना. मग त्यांनी दुकानाचे पडदे ओढले, फळीवरच्या डब्याची धूळ झटकली आणि लेकीचा दिवा दुरुस्तीला आलेल्या सॅक्सोफोनमध्ये सोडला. अंधारात एका गादीच्या कडेला उजेडाची बारीक कोर उमटली. मला जवळही जावं लागलं नाही, लांबच्या स्टुलावरूनच दिसली.

"दिसतंय गं," हे म्हणाले. "अगदी स्पष्ट."

मिनिटही लागलं नव्हतं.

मग गिऱ्हाइकाला सांगतात तसं, सवयीने पुटपुटले, "काही नाही, गादी बदलली की पुन्हा नव्यासारखं..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

"बोला की पुढे," मी म्हणाले. एवढं बोलायलाही मला मध्येच श्वास घ्यावा लागला.