जिवंत माणसाचा शिक्का

यंत्राच्या कारभाराला लगाम घालणारा कायदा झाला आणि त्या लगामाचं टोक करीमानबाईंच्या हातात आलं. स्वस्त सरकारी रोटी कुणाला द्यायची हे कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवणार, पण प्रत्येक निर्णय एका जिवंत माणसाने वाचून शिक्का मारल्याशिवाय लागू होणार नाही. कैरोच्या त्या कचेरीत जिवंत माणूस म्हणून बाईंची नेमणूक झाली. जिवंत असण्यापलीकडे दुसरी पात्रता कुणी विचारली नाही.

पूर्वी एका अर्जाला सहा महिने लागत, आता दिवसाला दोनशे निकाली निघू लागले. बाईंनी पहिला आठवडा मन लावून वाचलं. एकही चूक सापडेना. मग डाव्या हातात चहा आणि उजव्या हातात शिक्का, अशी देखरेख सुरू झाली.

"मदाम, एकदा वाचा तरी!" म्हातारे अब्दुस्सबूर खिडकीशी काकुळतीला आले. यंत्राने त्यांच्या नावावर मोटार दाखवून रोटी बंद केली होती. त्यांच्या दारात गाढवसुद्धा नव्हतं.

"हाजी, वाचत बसले तर दोनशे व्हायचे कसे? मशीन चुकत नाही. अपील करा."

ईद आली. बाईंकडे विजेची मोठी भट्टी, म्हणून दरवर्षीप्रमाणे अख्ख्या इमारतीच्या बायका त्यांच्याकडे कहक, म्हणजे ईदची गोड बिस्किटं, भाजायला जमल्या. सगळ्यांचं पीठ, तूप, साखर बाईंच्याच नावावर आणलं होतं. तीन दिवस भट्टी थंड झाली नाही. यंत्राने वीज पाहिली, तूप पाहिलं आणि ठरवलं: ही बाई बेकरी चालवते. शेजारीण नावाची गोष्ट त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

ईद सरली तशी बाईंची रोटी बंद झाली. घरात पाच तोंडं, त्यात अंथरुणाला खिळलेला नवरा. निर्णयाच्या कागदावर शिक्का होता, थोडा तिरका, शेजारी चहाचा डाग. तो बाईंनीच मारला होता.

स्वतःचं अपील स्वतः ऐकायला कायद्यात बंदी. त्यामुळे त्यांचेच साहेब, शौकी, शिक्का घेऊन बसले.

"साहेब, ती कहक तुम्हीही खाल्लीत! एकदा वाचा तरी!"

"मदाम, अजून एकशे नव्वद आहेत," शौकींनी शाई लावली. "आणि मशीन चुकत नाही, हे मला तुम्हीच सांगितलंत."

शिक्का सरळ पडला.

बाहेर बाकावर अब्दुस्सबूर आपल्या अपिलाची वाट बघत बसले होते. बाईंना बघून ते सरकले, जागा करून दिली.

"मदाम, तुमचं तरी वाचलं का त्यांनी?"