लाँच पाण्यात का बुडते?

झरीनने अब्बांची लाँच कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी केली होती. फक्त पाण्यात टाकली की दहा सेकंदांत ती कलंडायची आणि बुडायची.

अब्बांनी, म्हणजे मजीद तांडेलांनी, गुडघ्यांपायी गेल्या साली लाँच विकली आणि तेव्हापासून मिठाची गुळणी धरली होती. जेवायला हाक मारली तर जेवायचे, एवढंच. झरीनला ते बघवत नव्हतं. चिपळुणात ती कॉम्प्युटर क्लासला शिकवायची. जहाजं चालवायचा एक खेळ तिच्या हाती लागला होता. त्यात लोक स्वतः बनवलेली जहाजं घालत, त्याला मॉड म्हणत. तीन महिने खपून तिने लाँचचा मॉड केला. पण बुडणारी लाँच दाखवायची, म्हणजे अब्बांना ती दुसऱ्यांदा गमवायला लावायची.

शेवटी क्लासच्या नेटवरून तिने मॉडवाल्यांच्या फोरमवर मदत मागितली. आता आपल्याकडे मदत मागायची म्हणजे अर्ज करायचा, शाळेत तेच घोटून घेतात. संपूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका गुहागर, वय तेवीस. घरी फोन नव्हता, म्हणून शेजारच्या हफीजाखालाचा नंबर, पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांकडून बोलावणं. मग महोदय, मग आपण सर्व जाणकार, मी अडाणी, तरी कृपया सहकार्य व्हावे. हे सगळं इंग्रजीत सजवताना लाँचला नेमकं काय होतं, ते लिहायचं बाई विसरूनच गेली.

दोन उत्तरं आली. एकाने रुक्षपणे विचारलं, अडलंय काय? दुसरा मात्र फारच गोड. त्याने खासगीत एक फाइल धाडली, ही उघड आणि तुझा पासवर्ड कळव, बाकी मी बघतो. क्लासमध्ये व्हायरसचा धडा झरीनच शिकवायची, तेवढ्यामुळे ती फाइल तिने उघडली नाही. पण नंबर तर आधीच देऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी हफीजाखालाकडे फोन. परका पुरुष, मोडकी हिंदी, झरीन आहे का? चौथ्या दिवशी पुन्हा तोच. खालाने आरडाओरडा केला नाही. झरीनला माजघरात नेऊन तिने हळूच विचारलं.

"बाय, माझा नंबर तू दुनियेला का वाटलास?"

झरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालाने आठवडाभर फोनची वायर काढून ठेवली. झरीनने फोरम सांभाळणाऱ्याला सगळं सरळ कळवलं. त्याने तिचा अर्ज त्याच दिवशी पुसला आणि त्या गोड माणसालाही हाकललं. मग तिने नव्याने लिहिलं. नाव नाही, गाव नाही, महोदय नाही. खेळ कितव्या आवृत्तीचा, कुठली फाइल बदलली, काय काय करून पाहिलं, लाँच कुठल्या बाजूला कलते, पडद्यावर कोणती अक्षरं येतात. सात ओळींत आटोपलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर. तुझ्या बोटीचं सगळं वजन वरच्या फळीवर आहे. खऱ्या बोटीत कुठलं वजन कुठे असतं ते बघ आणि तसे आकडे भर.

खरी बोट! तीस वर्षं ती चालवलेला माणूस घरात बसून होता आणि त्याला सोडून ती जगाला विचारत सुटली होती. झरीनला स्वतःचाच राग आला. घरी जाऊन तिने अब्बांना तिच्या थोरल्या भावाने, मुझम्मिलभाईने, कतारहून आणलेल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लाँच बुडू दिली.

अब्बा बघत राहिले. पुन्हा दाखव म्हणाले. तिसऱ्यांदा बुडाली तेव्हा त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"रिकामी लाँच कोण दर्यात घालता? मशीन मागे, तळाला. बर्फाचा खण मधी. जड काय आसेल ता सगला खाली."

मग ते थांबेचनात. डिझेल किती, पाण्याची पिंपं कुठे, जाळं कुठल्या अंगाला, ते सांगत गेले आणि झरीन आकडे भरत गेली. लाँच जराशी डुलली आणि तरंगली. अब्बांनी कीबोर्ड स्वतःकडे घेतला.

सकाळी ती एसटीला निघाली तेव्हा अब्बा दारापर्यंत आले. त्या मदत करणाऱ्याचं नाव काय, गाव कुठलं, त्यांनी विचारलं. झरीन म्हणाली, माहीत नाही. तिथे कुणी नावगाव विचारत नाही आणि आपणही सांगायचं नाही.

अब्बांनी जरा विचार केला.

"बरा. मग त्याला सलाम सांग. माझा नाव नको लिवू. नुसता लिव, लाँचवाल्याचा सलाम."