चकव्याला न येणारं वाक्य

सोलापूरच्या उत्तरेला शेवटच्या कॉलनीची शेवटची भिंत संपली की येडूचा माळ सुरू होतो. दिवसा बघाल तर चार मेंढरं, दहा हिवराची झाडं आणि वाळक्या गवताचा नुसता पसारा. पण धुकं उतरलं की या माळावर चकवा उठतो. चकवा म्हणजे भूत नव्हे. भुताला उलटे का होईना, पाय तरी असतात. चकव्याला काहीच नाही. माणसाला गोल गोल फिरवायचं, एवढाच त्याचा धंदा. वैरागकडनं निघालेलं एक वऱ्हाड जवळची वाट म्हणून या माळात शिरलं आणि बाहेर पडलं तेव्हा नवरदेवाच्या मिशा पिकल्या होत्या. तोवर त्याच मांडवात नवरीच्या दोन धाकट्या बहिणी उजवून झाल्या होत्या. सांगणारे खोटं कशाला सांगतील? त्यांनी तिथं दोन्ही जेवणावळींत हात धुतलेत.

फिरवलं तर फिरवलं, माणूस दमून कुठंतरी बसतो. चकव्याचं वाईट ते पुढंच. तो आवाज काढतो, ओळखीच्या माणसाचा, हुबेहूब. माळावर जे जे बोललं जातं ते सगळं त्याला पाठ. उखाणे, शिव्या, मेंढरांची नावं, काही सुटत नाही. न बोललेलं तेवढं त्याला येत नाही.

संघप्रियाला यातलं काहीच पटत नव्हतं. सरकारी कचेरीत टेबल सांभाळणारी बाई ती, आणि तिच्या वडिलांनी तिच्या लहानपणी कुणीतरी दिलेला अंगारा दाराबाहेर फेकून दिला होता. ती माळावर यायची ती डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. वर्षामागं तिचं ऑपरेशन झालं होतं. पित्ताशयाचे खडे, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर तिची डावी छाती काढली होती. त्या जागी बसवायला दुकानात तयार वस्तू मिळते, पण ती मागायला काउंटरवर तोंड उघडावं लागतं. म्हणून तिनं घरीच कापडाची थैली शिवली, तिच्यात राळे भरले. ज्वारी टोचायची, राळे बारीक, अंगासारखे सैल बसायचे. वरून शाल. ही शाल तिनं मे महिन्यातल्या सोलापुरातसुद्धा उतरवली नाही, यावरून काय ते समजा. नवरा दिपक भला माणूस. इतका भला, की वर्षभर तिच्याशी बोलताना तो फक्त तिच्या कपाळाकडे बघत होता.

रोज पहाटे बरोबर दोघी असायच्या. एक प्रभाबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चालायच्या अशा, जणू माळाची तपासणी आहे. दुसरी मल्लव्वा, अक्कलकोटकडची, कडक भाकऱ्या करून विकणारी. तिचे गुडघे कुरकुरायचे आणि तोंड कधी थकायचं नाही. दोघींनी आपापल्या आयुष्याची पार सालं काढून दाखवली होती. संघप्रिया ऐकायची. माळावर तिच्या तोंडून ‘हं’ आणि ‘चला’ यापलीकडे फारसं काही निघालं नव्हतं.

त्या दिवशी संक्रांत नुकतीच झाली होती. धुकं असं दाट, की मल्लव्वाच्या मते त्याची भाकरी थापता आली असती. काटेरी कुंपणातून वाकून तिघी आत शिरल्या. बराच वेळ चालल्यावर मल्लव्वा एका हिवराखाली थबकली.

“बाई, ह्यो पतंग मघाशी पण बघितला की.”

“सोलापुरात पतंग काय एकच आहे?” प्रभाबाई म्हणाल्या.

“शेपटीला साडीचा काठ बांधलेला? तीनदा?”

प्रभाबाईंनी मोबाईल काढला. नकाशातला निळा ठिपका तिथनं कोसो लांब, टेंभुर्णीच्या चौकात निवांत उभा होता. “रेंज नसेल,” त्या म्हणाल्या आणि तापल्या तव्यावरून हात काढावा तसा मोबाईल पिशवीत टाकला.

“अंगावरचं उलटं करून घाला,” मल्लव्वानं हुकूम सोडला. “चकवा त्यानंच सुटतो. चला, कोण बघतंय हितं?” तिनं स्वतःचं पातळ तिथंच उलटं नेसायला घेतलं. प्रभाबाईंनी स्वेटर उलटा केला आणि थंडी वाजत होती म्हणून केला, असं न विचारता सांगितलं.

“आन् तू गं, प्रिया?”

“आमच्यात हे मानत नाहीत, अव्वा.”

खरंच होतं ते. पण त्या खऱ्याच्या आडोशाला ती उभी होती, आणि तिचं तिला ते माहीत होतं.

इतक्यात कुठंतरी दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग खोल खाली, डुबुक. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. माळाच्या टोकाला खडीची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली, कुंपण नसलेली. ती कुठं आहे हे तिघींना पक्कं ठाऊक होतं. आपण कुठं आहोत ते मात्र ठाऊक नव्हतं.

मल्लव्वा खाली वाकली. उठली ती चिमटीत काहीतरी धरून.

“राळे.”

पिवळ्या दाण्यांची बारीक रेघ गवतातून त्यांच्या मागे गेली होती, वळत वळत, हिवराला वळसा घालून पुन्हा त्यांच्यापुढं आली होती.

“रिंगण,” मल्लव्वा कुजबुजली. “कुणीतरी आपल्याभोवती धान्याचं रिंगण घातलंय. आमच्या गावात एका घराला असं घातलं हुतं. त्या घराला आज दार पण न्हाय, यव्वा.”

प्रभाबाई त्या रेघेला पाय न लावता बाजूला सरकल्या.

संघप्रियाचा हात शालीआड गेला. थैली मऊ पडली होती, खालची शिवण उसवली होती. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “कुणाची तरी पिशवी फाटली असेल.”

हेही खरंच.

“असल्या धुक्यात राळे घिऊन कोण येतंय माळावर?” मल्लव्वा मागं सरकत म्हणाली, आणि एकाएकी वळून पळत सुटली. ते कुरकुरणारे गुडघे घेऊन, उलट्या नेसलेल्या पातळात, रिंगणापासून दूर. डुबुक झालं होतं त्याच बाजूला.

“अव्वा! थांब! हलू नको!” संघप्रिया ओरडली.

“अव्वा! थांब! हलू नको!” धुकं ओरडलं.

“प्रतिध्वनी,” प्रभाबाई म्हणाल्या. पण त्यांनी संघप्रियाचं मनगट धरलं, कारण ते पुन्हा ओरडलं. कुणी न ओरडता. या वेळी डावीकडून, अगदी मायेनं: “अव्वा! थांब!”

“दोन दोन प्रिया हाक मारायल्यात!” लांबून मल्लव्वाचा रडका आवाज आला. “पायाखालची खडी सरकतीय गं! कुटं येऊ? कुठली खरी?”

“मी! मी खरी!”

“मी! मी खरी!” धुक्यानं लगेच उचललं.

प्रभाबाईंनी हाका मारल्या, तर थोड्याच वेळात प्रभाबाईही दोन झाल्या. त्यांनी सतराचा पाढा सुरू केला. धुक्यानं तोही म्हटला, आणि एकदाही चुकलं नाही. प्रभाबाई आयुष्यात पहिल्यांदा पाढ्यात अडकल्या.

पुन्हा दगड घरंगळला. या वेळी डुबुक लवकर झालं.

“त्याला येत न्हाई असलं काही तरी बोल, प्रिये!” मल्लव्वा किंचाळली. “कुणालाच न सांगितलेलं!”

संघप्रिया त्या किंकाळीच्या दिशेनं वळली.

“अव्वा, ते राळे माझे आहेत!”

धुकं गप्प झालं. कान देऊन बसलेल्या माणसासारखं.

“तुझे म्हंजे?”

“माझ्या अंगावरनं सांडलेत. माझी एक… माझी एक…” तिनं शालीचं टोक मुठीत गच्च धरलं. “माझी एक छाती काढलीय, अव्वा! डावी. पित्ताशय नव्हतंच. त्या जागी राळ्याची थैली शिवली होती. ती फाटली.”

मग मल्लव्वाचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“अगं बया! आन् मी राळ्याला भिऊन मरायला निघाले व्हय?”

“इकडं ये. आवाजाकडं.”

“तू बोलत ऱ्हा! थांबलीस की ते सुरू हुतंय!”

खरंच होत होतं. संघप्रियानं श्वास घ्यायला थांबावं, की उजवीकडून तिच्याच आवाजात कुणीतरी चाचपडत म्हणायचं, “माझी एक… माझी एक…” शिकत होतं ते. त्याच्या पुढं राहायचं तर एकच उपाय होता: नवं बोलायचं, आणि नवं म्हणजे सगळं आतलं.

म्हणून ती बोलली. न्हाणीघरात दिवा बंद करून अंघोळ करते, हे बोलली. पुतणी मिठी मारायला आली की अंग वळवून उजवी बाजू पुढं करते, हे बोलली. दिपक कपाळाकडे बघतो आणि तिला त्याचा राग येतो, पण त्यानं खाली बघितलं असतं तर जास्त आला असता. “एकदा मीटिंगमध्ये थैलीला मुंग्या लागल्या! साहेब भाषण करतायत आणि मी बसल्या जागी नाचतेय!”

धुक्यातून खुसखुसण्याचा आवाज आला, मघापेक्षा जवळून.

“पुढं!” मल्लव्वा म्हणाली.

“काढलेलं त्यांनी कुठं टाकलं, ते मी विचारलंच नाही, अव्वा.” तिचा आवाज आता खाली आला होता, पण धुक्याला त्याची नक्कल जमत नव्हती. “माझंच होतं ना ते? रोज वाटतं, विचारायला हवं होतं. निदान निरोप तरी घ्यायला हवा होता. माणूस गेल्यावर आपण रडतो. याच्यासाठी रडायला मला लाज वाटली.”

गवत सळसळलं आणि मल्लव्वा रांगत बाहेर आली. एक चप्पल खाणीला देऊन आली होती, टाच फाटली होती, पातळभर खडीचा भुगा. ती उठली आणि काही न विचारता तव्यानं भाजून भाजून राठ झालेला आपला पंजा संघप्रियाच्या डाव्या बाजूवर सपाट ठेवला.

“दुखतंय?”

“नाही. तिथं काही कळतच नाही.”

“मला कळतंय की. ऊब हाय.”

तेव्हा संघप्रिया रडली. प्रभाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग नाद सोडून दिला. मल्लव्वाच्या टाचेतून रक्त वाहत होतं. संघप्रियानं शाल काढली, टराटरा फाडली आणि टाच बांधली.

“आता या दाण्यांवरनं मागं जायचं,” प्रभाबाई म्हणाल्या. “पहिला दाणा सांडला तिथंवर आपण शहाण्या होतो.”

घाई करावी लागली. धुक्यातून चंडोल उतरले होते आणि त्यांची वाट टिपून खात होते. मल्लव्वा त्यांना कन्नडमध्ये शिव्या घालत लंगडत होती. हिवराला वळसा, पुन्हा वळसा, मग रेघ एकदाची सरळ सुटली आणि काटेरी कुंपणापाशी संपली. पलीकडे कॉलनीची भिंत होती आणि भिंतीशी दुधाची कॅन टेकवून नवनाथ दूधवाला उभा होता. शालीवाचून आलेल्या संघप्रियाकडे त्यानं बघितलं. एक बाजू भरलेली, एक सपाट. तो बघतच राहिला.

त्याच वेळी मागून, माळातून, तिच्याच आवाजात कुणीतरी बोललं.

“अव्वा, ते राळे माझे आहेत…”

नवनाथच्या हातातलं माप खाली पडलं. मल्लव्वानं कानांवर हात ठेवले.

“माझी एक…” धुकं म्हणालं. तिथंच अडलं. “माझी एक… माझी एक…”

संघप्रिया अडखळली होती नेमकी तिथंच ते अडखळत होतं, केविलवाणं, पुन्हा पुन्हा.

“चल गं,” प्रभाबाईंनी तिचा दंड धरला. “मागं बघू नकोस.”

संघप्रियानं दंड सोडवून घेतला. ती माळाकडे तोंड करून उभी राहिली, विहिरीत उतरलेल्या माणसाला हाक मारावी तसे दोन्ही हात तोंडाशी धरले.

“छाती!” ती ओरडली. “छाती म्हणायचं. डावी!”

मग वळली, मल्लव्वाचा हात खांद्यावर घेतला आणि घराकडे चालू लागली.