इंद्रजितची सोयरीक

पासली गावच्या संपत आणि मंगलची मुलगी राजनंदिनी बारावीत असताना एनडीएची लेखी परीक्षा पास झाली, पुढं मुलाखतीतूनही निवडून आली. तिला हवाई दलात पायलट व्हायचं होतं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, आणि तिची तिला काळजी नव्हती. समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या ती ओट्यावर बसून मोजायची. घराण्यात चष्मा कुणालाच नव्हता.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात शेजारी हळद होती. डीजे इंद्रजितचा. माजी सरपंच मानसिंगचा हा मुलगा सैन्यभरतीतून दोनदा परत आलेला. आता टेम्पोवर स्पीकर आणि लेझरचे दिवे बांधून तालुकाभर फिरायचा. हिरवा लेझर नाचणाऱ्यांच्या तोंडावरून सरकत होता. राजनंदिनी टेम्पोजवळ गेली.

"इंद्रजितदादा, त्यो दिवा जरा वर कर की. माझी डोळ्यांची तपासणी हाय."

"पायलटीणबाईंचे डोळे व्हय? बघू तरी," तो म्हणाला, आणि दिवा हातानं धरून त्याचं तोंड तिच्याकडं केलं. तिनं मान वळवली, पण उशीर झाला होता. दुखलं काहीच नाही. सकाळी आई चहा घेऊन समोर आली, तर आईच्या नाकाच्या जागी करडा ठिपका होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचा आतला पडदा मधोमध भाजलाय. तरी ती तपासणीला गेली. उजव्या डोळ्यानं तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. उजवा झाकल्यावर तिनं मान किंचित तिरकी केली, म्हणजे ठिपक्याच्या कडेनं अक्षरं दिसायची. तपासणाऱ्या अधिकारी बाईंच्या ते लक्षात आलं. "मान सरळ," त्या हळूच म्हणाल्या. सरळ मानेनं तिला वरच्या मोठ्या अक्षरांपलीकडं जाता आलं नाही. चष्म्यानं भरून निघणारं थोडं कमीजास्त चाललं असतं. हे भरून निघणारं नव्हतं.

संपतनं पोलिसांत तक्रार दिली. मानसिंगनं हळदीतली पोरं साक्षीला नेली. सगळ्यांनी एकच सांगितलं: लेझर मशीनवर असतो, आपोआप फिरतो. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. त्यानंतर इंद्रजित टेम्पो घेऊन दारावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

राजनंदिनीनं भोरच्या कॉलेजात नाव घातलं आणि वर्षभर कुणाला काही बोलली नाही. मग कानावर आलं, इंद्रजितची सोयरीक नसरापुरात जमतेय. तिनं एसटी पकडली, पत्ता विचारत त्या घरी गेली, पाणी मागितलं आणि मुलीच्या आईसमोर बसली.

"काकू, उजवा डोळा झाकला की मला तुमचं तोंड दिसत न्हाई. हे इंद्रजितनं हातानं लेझर मारून केलं. मुलगी देऊ नका असं मी म्हणत न्हाई. त्याला इचारा एवढंच."

सोयरीक मोडली. परतताना कापूरहोळला गाडी बदलायची होती. तिथं तिनं मिसळ खाल्ली, वर आणखी एक पाव घेतला. बऱ्याच दिवसांनी तिला तोंडाला चव आली होती.

दुसरं स्थळ पानशेतचं, खानावळवाल्यांचं. तेही तिनं मोडलं. तेव्हा मानसिंग घरी आला, ओट्यावर न बसता अंगणातूनच म्हणाला, "संपत, पोरीला आवर. दारोदार फिरती."

संपत दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही. "पाटील, तवा तुमी म्हनला, लेझर आपोआप फिरतो. आता माझी पोरगी बी आपोआप फिरती."

त्यानंतर इंद्रजितनं तिला एसटीच्या थांब्यावर गाठलं. "म्या माफी मागतो. पाया पडतो म्हन तर पडतो."

"पाया नको पडू. पोलिसांत चल आन् हातानं फिरवला म्हणून सांग."

"आत घालत्याल मला."

"घालू देत."

तो निघून गेला.

तिसरं स्थळ भोरचं होतं. या वेळी गावात कुणालाही पत्ता लागू न देता मानसिंगनं पाहण्याचा कार्यक्रम ठरवला होता, पण इंद्रजितच्या टेम्पोवरचा पोरगा बोलून गेला. राजनंदिनी पोचली तेव्हा पोहे फिरत होते. मुलगी शेफाली समोर बसली होती, तिचे वडील चिमाजी मानसिंगशी शेतीचं बोलत होते. राजनंदिनी उंबऱ्यात उभी राहिली. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"या कोण?" शेफालीनं विचारलं.

मानसिंग म्हणाला, "गावातली हाय. डोक्यावर परिणाम झालाय जरा."

शेफाली इंद्रजितकडं बघत राहिली. त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "न्हाई. तिचं डोकं चांगलं हाय," तो म्हणाला. "म्या लेझर मारला तिच्या डोळ्यात. हातानं धरून मारला. मला भरतीत कुणी घेतलं न्हाई आन् ही पायलट व्हनार, म्हून राग आला हुता."

"गप बस," मानसिंग म्हणाला, पण उशीर झाला होता.

राजनंदिनी चिमाजीकडं वळली. "तुमी ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"मग पोलिसांत सांगाल?"

मानसिंगशी वैर घेणं चिमाजींना सोपं नव्हतं. शेफाली म्हणाली, "बाबा, सांगा." ते म्हणाले, "सांगीन."

त्यांनी सांगितलंही. प्रकरण पुन्हा उघडलं, हळदीतली दोन पोरं फिरली आणि खरं बोलली. इंद्रजित काही दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटला. डीजे जप्त झाला, टेम्पो मानसिंगनं विकला.

"आता तरी बास कर," मंगल एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "त्यानं कबूल केलंय. तुझा डोळा काय माघारी येनार हाय का?"

"न्हाई येनार."

"मग?"

"मग काय. तारखेला जायचंय मला."

ती प्रत्येक तारखेला जाते. भोरच्या कोर्टात इंद्रजितच्या अगदी समोरच्या बाकावर बसते आणि कामकाज संपेपर्यंत त्याच्याकडं बघत राहते. तो मान वर करत नाही. मानसिंगच्या वकिलानं तडजोडीचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं वाक्य पुरं होण्याआधी नाही म्हटलं. मागच्या तारखेला बाहेर पडताना इंद्रजित तिच्याजवळ थांबला. बारीक झाला होता, दाढी वाढलेली.

"अजून किती दिस करनार हे?"

तिनं विचार केल्यासारखं केलं. खरं तर विचार करायची गरज नव्हती.

"तू दमलास का?" तिनं विचारलं.

"लई."

"मी न्हाई दमले," ती म्हणाली, आणि स्टँडकडं चालू लागली. तिची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागाही मिळाली.