कॉलरला टोचलेली चिठ्ठी

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पितळेची आहे, पत्र्याची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, हल्लीच्या वायरवाल्या इस्त्र्या बघितल्या की मला हसू येतं. फुंकर मारली तर उडतील बिचाऱ्या!

मला एका ओतकाम करणाऱ्याने घडवलं आणि लॉन्ड्रीच्या थोरल्या मालकांनी दहाजणींतून निवडून आणलं. माझ्या हातचे शर्ट घालून माणसं कोर्टात उभी राहिली, लग्नात मिरवली. वाहवा त्यांची झाली, पोटात निखारे मी सांभाळले. थोरल्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या खिशात काही सापडलं तर वाचायचं नाही. शर्ट झाला की ते टाचणीने कॉलरला लावायचं आणि परत द्यायचं. "आपण सुरकुत्या बघायच्या, भानगडी नाही," असं ते म्हणत.

त्यांच्या मुलाने बापाचं बाकी सगळं सोडलं, हा नियम तेवढा धरून ठेवला. हा धाकटा सकाळी दहालाच झोकांड्या खात दुकानात येई. एकदा भर दुपारी त्याची बायको चादरीचं टोक ताणून उभी होती. याने मला तिच्या मनगटावर टेकवलं आणि बाटली शोधायला मागे वळला. माझ्या टोकाचा ठसा तिथे अजून आहे, अगदी रेखीव. मला दोष देऊ नका. मी टेकवाल तिथे काम करते.

तिने किंकाळी फोडली, तर हा म्हणतो कसा, "हात मध्ये कशाला घातलास?"

आमच्याकडे एक म्हातारे हेडमास्तर कपडे टाकत. या धाकट्याला शाळेत त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या हाताला पट्टी बांधलेली त्यांनी पाहिली, आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघू लागली. दर आठवड्याला, घडी केलेली. धाकटा ती इमानदारीने कॉलरला टोची.

"सर, पुन्हा चिठ्ठी विसरलात."

"विसरलो खरा. वाचलीस का रे?"

"छे! आमच्या धंद्यात खिशातलं वाचत नाहीत सर."

"बरं बरं," म्हणून सर शर्ट काखेत मारून चालू लागत. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. नऊ आठवडे! सगळ्या गावाच्या पोरांना छडीने सरळ करणारा माणूस, पण याला चार शब्द तोंडावर सांगताना त्यांची जीभ टाळूला चिकटली. एक भिडस्त, दुसरा दारुडा. मला पाय असते तर दोघांनाही चटका दिला असता.

दहाव्या आठवड्यात, सोमवारी, शर्ट घेऊन त्यांची सून आली. तिचे डोळे सुजले होते.

"सर गेले. त्यांच्या अंगावर घालायचा आहे. लवकर द्या."

धाकट्याचे हात थरथरत होते, म्हणून खिसा बायकोने चाचपला. चिठ्ठी निघाली. तिने उलगडली.

"ए, वाचू नकोस! बापाचा नियम आहे!"

"मामंजींनी बायकोला भाजायचाही नियम केला होता का?" असं म्हणून तिने मोठ्याने वाचलं. "मंगळवारी सहा वाजता जुन्या दवाखान्यामागचा जिना चढून ये. दारू सोडलेले आणि सोडू बघणारे तिथे बसतात. मी अठरा वर्षं जातो. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवतो."

धाकट्याच्या बोटांत टाचणी तशीच राहिली.

"लावा की आता!" ती म्हणाली. "लावा कॉलरला, परत करा त्यांना. जाऊ दे त्यांच्याबरोबर."

त्याने टाचणी खाली ठेवली. तो शर्ट मात्र त्याने असा केला, की एक चुणी राहिली नाही. कौतुक करू नका. संध्याकाळी तो पुन्हा पिऊन आला.

मंगळवारी साडेपाचला बायकोने माझ्यात निखारे भरले, मला उचललं आणि नवऱ्याला पुढे घातलं. भर रस्त्यात पुढे तो, मागे ती, तिच्या हातात धगधगती मी. लोक वाट सोडून उभे राहिले. गुत्त्याच्या कोपऱ्यावर त्याची पावलं अडखळली.

"जरा घसा ओला करून..."

"करा ना. शर्ट अंगात आहे तोवर पाठीवरून इस्त्री फिरवते."

तो जिना चढला. वर गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या, दोनच रिकाम्या. एक धिप्पाड ट्रकवाला म्हणाला, "ती सरांची. ही तुझी. नऊ मंगळवार सर हिच्यावर कुणाला टेकू देत नव्हते. आम्ही हसायचो त्यांना, म्हणायचो, तुमचा पाहुणा मेला वाटतं."

कुणी हसलं नाही. धाकटा आपल्या खुर्चीवर बसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मला त्याची दया आली नाही. तिच्या मनगटाकडे कोण बघणार होतं?

आता दुकानात वायरवाली आली आहे. मी दार लागू नये म्हणून त्याला टेकून पडलेली असते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा, फार मागत नाही. आणि घरात, शेजारी कुणाचे हात असे थरथरत असतील, तर खिशात चिठ्ठ्या ठेवून सभ्यपणा मिरवू नका. तोंडावर सांगा, दंड धरून जिना चढवा. माणसं तुमच्या भिडेसाठी थांबत नाहीत.

दर मंगळवारी साडेपाचला धाकट्याची बायको मला उचलून टेबलावर ठेवते. धाकटा चपला घालतो. मी थंडगार आहे हे त्याला ठाऊक आहे. कोळशाची पाटी कुठे ठेवली आहे, तेही त्याला ठाऊक आहे.