त्रेचाळीस नंबर वगळला

“माझ्या किडन्या तं चांगल्या होत्या ना, मॅडम? मंग आठ महिन्यात असं कसं झालं?”

देवराव लॅबच्या बाकावर बसला होता. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते, म्हणून चपला हातात धरल्या होत्या. कुहीत तो नळाचे पाणी सोडायचे काम करी. काल तिथे काढलेल्या रिपोर्टात किडनी बिघडली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन सहाच्या वर होते. ते दीडच्या वर गेले तरी डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात.

“चांगल्या होत्या म्हणून कोणी सांगितलं तुमाले?” प्रेमिलाने विचारले. ती या लॅबची टेक्निशियन.

“तुमीच! साखरेवाल्यांच्या कॅम्पात रक्त घेतलं तवा म्हटलं ना, खराब निघालं तं फोन करू. फोन आला नाही, मी बेफिकीर. गुडघे दुखे तं रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊन राहिलो.”

त्या गोळ्यांनी किडनी आणखी खराब होते, हे प्रेमिलाला माहीत होते. बिघडलेल्या किडनीवर रोज त्या गोळ्या!

तिने आत जाऊन, ते रक्त ज्या अभ्यासासाठी घेतले होते त्याचे रजिस्टर काढले. मधुमेहात किडनी निकामी होते तेव्हा रक्तात काय काय वाढते, हे पाहायचे होते. युरिया, क्रिएटिनिन आणि साखरेमुळे शरीराच्या पेशींना जो एक प्रकारचा गंज चढतो, त्याच्या खुणा. गट दोन होते. एक साखर असून किडनी ठीक असलेल्यांचा, दुसरा किडनी बिघडलेल्यांचा. दुसरा गट आधीच भरला होता, म्हणून कुहीच्या कॅम्पातली माणसे पहिल्यासाठी घेतली होती. नमुना त्रेचाळीस, देवराव, क्रिएटिनिन दोन पूर्णांक नऊ. पहिल्यात तो बसेना, दुसऱ्यात जागा नव्हती. त्यावर लाल रेघ आणि पुढे शब्द : वगळला. केवढी सोय! माणूस आजारी निघाला म्हणून आजाराच्याच अभ्यासातून काढून टाकला. आणि अक्षर तिचेच होते.

ती रजिस्टर घेऊन अभ्यासाचे प्रमुख असलेल्या कृष्णकांत सरांच्या खोलीत शिरली.

“सर, हे पाहा. याले आपण सांगितलंच नाही.”

सरांनी पाहिले. “हा निकषात बसत नव्हता, प्रेमिलाताई. वगळलेल्यांचे रिपोर्ट द्यायची आपली पद्धत नाही.”

“पद्धत? आपल्या कागदातून काढला म्हणून तो काय दुनियेतून गेला होता का?”

“तुम्ही उगाच चिडताय.”

“हो, चिडून राहिली! तुमच्यावरबी आन माझ्यावरबी. त्याचा फोन नंबर इथंच लिहून हाय, सर. एक फोन होता फक्त.”

तिने रजिस्टर उघडेच त्यांच्या टेबलावर आपटले आणि ती बाहेर आली.

देवरावजवळ बसून ती म्हणाली, “देवरावभाऊ, तुमची किडनी तवाच बिघडली होती. आमाले माहीत होतं. रेघ मीच मारली.”

त्याने हातातल्या चपला खाली ठेवल्या. “मंग फोन काहून नाही केला?”

प्रेमिला उठून रक्त घ्यायचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, “त्या गोळ्या आजपासून बंद. आता रक्त घेते, मंग मी सोता तुमाले किडनीच्या डॉक्टरकडे नेते.”

त्याने डावी बाही वर केली. ती घाईने म्हणाली, “हा हात नाही.”

“काहून? नस तं याच हाताची चांगली हाय.”

“म्हणूनच. डायलिसिस लागलं तं याच हाताच्या नसेतून रक्त मशीनमधी जाईल, ती नस जपाची हाय. आता या हाताले कोणालेच सुई लावू द्यायची नाही. कोणी डॉक्टर असला तरी नाही म्हणायचं.”

देवरावने बाही सावकाश खाली केली. मनगटाचे बटण लावले, नीट लागले का ते चाचपून पाहिले. मग उजवा हात तिच्यापुढे ठेवला. प्रेमिलाला नस सापडायला फार वेळ लागला.