आईच्या हातची गोळी

दिवाळीला माहेरी, बेलापूरला आलेली दिशा भाऊबीज उलटली तशी तापाने फणफणली. दुसऱ्या खेपेचा सातवा महिना आणि अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. तिच्या आईने, पुष्पावतीबाईंनी, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तळवे चोळले आणि लेक ‘तापाची गोळी दे’ म्हणाल्यावर गोळीही दिली. गोळी पांढरी होती, एवढंच खरं. आरोग्य केंद्रातून गरोदर बायांना मिळते ती कॅल्शियमची गोळी होती ती. ताप तसूभरही हलला नाही, आणि हलणार तरी कसा?

बाई काही दुष्ट नव्हत्या. दुष्ट होता तो मोबाईलवरचा व्हिडिओ. परदेशातल्या एका सरकारने जाहीर केलं होतं, की गरोदरपणी तापाची गोळी घेतली तर मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझमचं, होऊ शकतं. त्यावर शास्त्रज्ञांनी किती कडाडून हरकत घेतली, ते कोण पुढे पाठवतंय? दिशाच्या सासूबाईंनी संगमनेरहून तो व्हिडिओ धाडला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं.’ विहिणी असंच थोडक्यात बोलतात.

त्या खेपेलाही दिशाला ताप आला होता आणि गोळी पुष्पावतीबाईंनीच दिली होती. ते बाळ म्हणजे ओम. आता सात वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. व्हिडिओ पाहिल्यापासून बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नातवाचं आपल्याच हाताने वाटोळं झालं, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. डॉक्टरला विचारावं, तर ‘हो’ म्हणाले तर काय, ही धास्ती.

दिशा बरळायला लागली तशी मात्र बाईंनी शेजारच्या पुंजारामला जीप काढायला लावली आणि ओमला बरोबर घेऊन श्रीरामपूरचा दवाखाना गाठला. डॉक्टर निवेदितांनी बाळाचे ठोके ऐकले. परत ऐकले.

“तापाची गोळी देताय ना?”

“आई देतीय की,” दिशा डोळे न उघडता म्हणाली. “कालपासून. उतरतच न्हाई.”

“गोळ्या देऊनही हलत नाही म्हणजे आत जंतुसंसर्ग असू शकतो. बाळ फार धडधडतंय. नगरला हलवावं लागेल. तिथं कदाचित बाळ लगेच काढायचं ठरवतील.”

“सातव्यात?” बाईंच्या तोंडून कसंबसं आलं. डॉक्टर तोवर रुग्णवाहिकेला फोन लावत होत्या.

दाराशी ओम सगळ्या पेशंटांच्या चपला जोड्याजोड्याने लावत बसला होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोलावं तर लेकीच्या तोंडावर कबूल करायचं की तुला फसवलं. न बोलावं तर लेकीच्या पोटावर सुरी. अहो, बोला की लवकर, असं कुणीही म्हणेल. फोनवर डॉक्टर दवाखान्याचा पत्ता सांगायला लागल्या.

“म्या दिलीच न्हाई,” बाई एकदम ओरडल्या.

“काय?”

“तापाची गोळी. कॅल्शियमची दिली. ओमवानी दुसरं हुऊ ने म्हनून.”

डॉक्टर संतापल्या, पण बोलत बसल्या नाहीत. खरी गोळी दिली, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. रुग्णवाहिका आली तेव्हा ती दारातच उभी करून ठेवली. तासाभराने दिशाला दरदरून घाम सुटला. मग डॉक्टरांनी पुन्हा ठोके ऐकले आणि रुग्णवाहिका परत पाठवली.

“मावशी, ऑटिझम कशाने होतो यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “बराचसा भाग जनुकांतूनच येतो. पण गोळीने होतो असं सिद्ध झालेलं नाही. एकाच आईच्या मुलांची तुलना केली, तेव्हा गोळीचा संबंध दिसला नाही. अंगात ताप मुरू देणं मात्र बाळाला धोक्याचंच.”

“मंग ओमचं माज्यामुळं न्हाई?”

“तसं म्हणायला काही आधार नाही.”

बाई तिथेच बाकावर बसून रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. डोळे पुसून त्यांनी लेकीकडे पाहिलं, तर दिशा त्यांच्याकडेच बघत होती.

“आई, ओमवानी म्हंजी कसं गं?”

बाई तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागल्या.

“त्याच्यासारखं परत हुऊ ने म्हनून मला तापात जळत ठिवलं? एवढा वाईट हाय का तो?”

“तसं न्हाई, दिशे…” बाई म्हणाल्या. पण तसंच होतं, आणि ते दोघींनाही कळत होतं.

संध्याकाळी नर्सने पुढच्या गोळीचं पाकीट बाईंच्या हाती दिलं. बाईंनी पाकीट फोडून गोळी तळहातावर पुढे केली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. दिशाने हात पुढे केला नाही.

“पाकीट दाव,” ती म्हणाली.

बाईंनी पाकीट दिलं. दिशाने ते खिडकीच्या उजेडात धरून नाव वाचलं आणि मगच गोळी घेतली.